टाळीचा आवाज पोहोचेपर्यंत

यंदा भोपाळला थंडी दिवाळीच्या पाठोपाठच आली. पहिले दोन दिवस मी तिला दाद दिली नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने कपाटाच्या वरच्या खणातून लोकरीचा स्कार्फ ओढला, तर त्याच्यामागून स्टॉपवॉच खाली पडलं. काळ्या दोरीचं, पिवळ्या बटणाचं. सात वर्षं ते तिथे होतं. मीच ठेवलं असणार. माझ्या मुलीच्या, केतकीच्या हाती लागलं असतं तर तिने केव्हाच फेकून दिलं असतं. नेहरू नगरच्या चौकातल्या घड्याळवाल्याकडे नेऊन त्यात नवी बॅटरी बसवून घेतली. कशाला हवंय, असं त्याने विचारलं, तेव्हा मी अंडी उकडायला म्हणून सांगितलं. एकट्या बाईने दिलेलं कारण स्वयंपाकघरातलं असलं की लोक पुढे विचारत नाहीत. खरं म्हणजे मी अंडी खात नाही.

घरी येऊन उगाचच बटण दाबलं. आकडे पळायला लागले. पोळी भाजायला किती वेळ लागतो ते मोजलं, दूध उतू जायला किती लागतो ते मोजलं. एकटं राहायला लागलं की माणूस असले चाळे करतो आणि त्याला कुणी हसतही नाही.

तो सात वर्षांपूर्वीचा हिवाळा मी याच घड्याळावर काढला. केतकी तेव्हा सतरा वर्षांची होती आणि शंभर मीटर धावत होती. तिचे बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत आम्ही दोघी एका घरात राहून एकमेकींना वळसा घालत होतो. ती तिच्या खोलीत, मी माझ्या. जेवताना भाजीबद्दल बोलायचं आणि ताटं उचलायची. टी. टी. नगरच्या मैदानावर तिचे प्रशिक्षक होते दुबे सर, सतना की रीवाकडचे. त्यांना वेळ घ्यायला कुणीतरी हवं होतं. फेब्रुवारीत राज्याच्या संघाची निवड होती, आणि सर सुरुवातीच्या रेषेवर उभे राहिले तर शेवटच्या रेषेवर घड्याळ कोण धरणार? मी म्हटलं, मी धरते. केतकीने माझ्याकडे पाहिलं आणि बुटाची नाडी पुन्हा बांधली. नको म्हणाली नाही, एवढ्यावर मी खूश होते.

माझी लायकी होती असं मला वाटे. एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर मी एकतीस वर्षं बसले. माझे सासरे नागपूरची कचेरी इकडे हलली तेव्हा तिच्याबरोबर आले होते, म्हणजे कागदपत्रं आमच्या घरातच मुरलेली. माझ्या टेबलाचा एक नियम होता: कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यावर तारखेचा शिक्का मारायचा नाही. पत्र निघालंय, संध्याकाळपर्यंत पोहोचेल, आजची तारीख टाकून ठेवा, असं साहेब फोनवर सांगत. मी टाकत नसे. यावरून माझी बदली करायच्या धमक्याही झाल्या. अशी मी, काटेकोर म्हणून नावाजलेली.

पहिल्या दिवशी सरांनी मला लाकडी टाळी दाखवली. बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, त्या जोरात मिटल्या की फटाक्यासारखा आवाज होतो. बंदूक रोज कुठून आणणार, म्हणून सराव या टाळीवर. सर मला सावकाश समजावून म्हणाले, "मैडम, ताली सुननी नहीं है, देखनी है. आवाज़ को सौ मीटर आने में टाइम लगता है." फळ्या मिटताना दिसल्या की बटण, आणि मुलीची छाती रेषेवर आली की पुन्हा बटण. मी मान डोलावली. यात काय अवघड आहे, असंच वाटलं.

मला वाटायचं, धावणं म्हणजे धावणं. जास्त धावलं की जास्त जोरात धावता येतं. दुबे सरांनी माझं हे ज्ञान आठवडाभरात धुळीला मिळवलं. वेग हा दमून येत नाही, ते म्हणत. दमलेल्या अंगाने धावलं तर अंग हळू धावायलाच शिकतं. म्हणून दर दहा मीटरमागे एक मिनिट विश्रांती. साठ मीटर धावली की सहा मिनिटं गप बसायचं. तासाभराच्या सरावात केतकी खरंखुरं धावत असे ते मिनिटभरसुद्धा नसे. बाकी सगळं बसणं. पाय जमिनीला टेकतो तो सेकंदाचा दहावा भाग, त्यात जमिनीला मागे ढकलायचं असतं. पहिली पावलं अंग पुढे झुकवून टाकायची, मान उचलायची घाई करायची नाही. आणि पूर्ण वेगात आल्यावर गाल हलले पाहिजेत. हे मला फार आवडलं होतं. जबडा आवळला की खांदे आवळतात, खांदे आवळले की हात अडतात, आणि हात अडले की पाय. म्हणून तोंड सैल. माझी एरवी दात आवळून फिरणारी मुलगी गाल हलवत माझ्याकडे पळत यायची.

ती सहा-सहा मिनिटं मला मिळाली. मी पायऱ्यांवर मटारची पिशवी घेऊन बसे. हिवाळ्यात भोपाळात मटार सोलायला कोणत्याही वेळी, कुठेही चालतात. ती रेषेवरून चालत माझ्यापर्यंत येई, शेजारी टेके आणि नकळत एक शेंग उचले. आधी नुसती शेंगांची करकर ऐकू येई. मग एक दिवस ती बोलली. शाळेतल्या मैत्रिणीबद्दल, मग गणिताच्या बाईंबद्दल, मग इथल्या पोह्यांत शेव आणि जिरावनचा मसाला घालतात तेच बरोबर आणि माझे नागपुरी पोहे कसे अळणी, याबद्दल. घरी तिच्या तोंडून एक वाक्य काढायला मला आठवडा लागे. इथे ती आपोआप बोले, कारण तिला ठाऊक होतं की सहा मिनिटांनी उठायचंय. डिसेंबरात एकदा, हातात शेंग तशीच धरून, ती म्हणाली, "आई, बाबांचा आवाज मला आता आठवत नाही. चेहरा आठवतो, आवाज नाही येत." मलाही तो येत नव्हता, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी तिच्या हातातली शेंग घेऊन सोलली आणि दाणे तिच्याच हातात ठेवले. तेवढ्यात सरांनी हाक मारली.

त्या हिवाळ्याइतकी मी कधी सुखी नव्हते, हे आता स्पष्टच लिहून टाकते.

डिसेंबरातच माझ्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. बसचा नंबर बस अगदी जवळ आल्याखेरीज वाचता येईना. टेबलावरची पत्रं मी नाकाशी धरू लागले. मोतीबिंदूची सुरुवात, असं डॉक्टरांनी सांगितलं, अजून पिकला नाही म्हणाले. त्यात भोपाळचं सकाळचं धुकं. शनिवारी, जेव्हा केतकी पूर्ण शंभर मीटर धावे, तेव्हा पलीकडचे सर मला एक करडा ठिपका दिसत, आणि त्यांच्या हातातली टाळी दिसतच नसे. पहिल्या शनिवारी मी गोंधळले, बटण कधी दाबलं मलाच कळलं नाही. पुढच्या शनिवारी मी डोळे बारीक करून पाहायचं सोडून दिलं आणि कान दिला. आवाज आला की बटण.

सांगता आलं असतं. सर, मला दिसत नाही, एवढंच. मग सरांनी घड्याळ दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं असतं आणि मी घरी बसून मटार सोलले असते. माझ्याजवळ सहा मिनिटं होती, ती मला सोडायची नव्हती. आवाजाला किती वेळ लागणार असा, एवढंसं मैदान, असं मी स्वतःला पटवलं. एकतीस वर्षं न पाहिलेल्या कागदावर शिक्का न मारणारी मी, पोटच्या मुलीच्या बाबतीत मात्र न पाहताच मारत राहिले.

आणि केतकीची वेळ सुधारली. ऑक्टोबरात ती तेरा सेकंदांवर होती. डिसेंबर संपता संपता बारा पॉइंट पाच, जानेवारीत बारा पॉइंट तीन. सर चकित झाले. छोट्या धावांत, तीस मीटरमध्ये, तेवढा फरक दिसत नव्हता. शंभरमध्येच दिसत होता. याचा त्यांनी अर्थ लावला की मुलीचा शेवट सुधारतोय. ते समजावून सांगत की पन्नास-साठ मीटरनंतर जगात कुणाचाच वेग वाढत नाही, सगळे मंदावतात. जो कमी मंदावतो तो पुढे गेल्यासारखा दिसतो. आणि आपली केतकी कमी मंदावतेय. तेव्हा शेवटच्या चाळीस मीटरची काळजी सोडून द्यायची आणि सगळा जोर सुरुवातीवर लावायचा. तिच्या कमरेला दोरीने स्कूटरचा जुना टायर बांधून ते तिला वीस-वीस मीटर ओढायला लावत. त्या शेवटच्या चाळीस मीटरांतली सुधारणा म्हणजे माझा कान होता, हे कुणाला माहीत नव्हतं.

केतकी त्या दिवसांत घरातही गाणं गुणगुणायची. हातावर बारा तीन म्हणजे यंत्रावर बारा सहा, असं सरांनी सांगून ठेवलं होतं. यंत्र हातातल्या घड्याळापेक्षा कडक असतं, तो फरक त्यांनी धरूनच ठेवला होता. बारा सहावर निवड पक्की होती. तिने राज्याच्या संघाच्या जाकिटाचा रंगसुद्धा मला सांगितला होता. बाबा असते तर किती बढाया मारल्या असत्या, असं एकदा म्हणाली आणि स्वतःच हसली.

निवडीच्या दिवशी शेवटच्या रेषेवर यंत्र होतं. माझं काही काम नव्हतं. मी वरच्या पायऱ्यांवर बसले होते आणि तिथून मला आठ रंगीत ठिपके पळताना दिसले. बारा पॉइंट आठ पाच. ती पाचवी आली. शेवटच्या भागात तीन मुली तिला मागे टाकून गेल्या. ती रेषेच्या पलीकडे गेली आणि फलकावरचा आकडा बघत तशीच उभी राहिली. सर तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले, ते तिने मला घरी येताना स्कूटरवर सांगितलं: बड़े दिन का दबाव होता है बेटा, सबके बस का नहीं होता. सरांचा हेतू वाईट नव्हता. सरावात पाव सेकंद जास्त वेगाने धावणारी मुलगी खऱ्या दिवशी मागे पडते, याला दुसरं काय म्हणणार?

केतकीने ते वाक्य उचललं आणि अंगात शिवून घेतलं. आठवड्याभराने तिने बूट कुणाला तरी देऊन टाकले. मैदानावर पुन्हा गेली नाही. बारावीच्या परीक्षेला जाताना म्हणाली की माझ्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नकोस, मोठ्या दिवशी मी कच खाते. मार्क चांगले पडले तरी ते नशिबाच्या नावावर टाकले. पुण्याला शिकायला गेली, तिथेच एका औषधांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. काम ती करते आणि वरच्या साहेबांसमोर उभं राहून सांगते दुसरी मैत्रीण. हसत हसत सांगते मला हे, जसं कुणी आपल्याला वांगं सोसत नाही असं सांगावं. आणि मी प्रत्येक वेळी म्हटलं, असं काही नसतं गं.

यंदा सप्टेंबरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. साकेत नगरच्या मोठ्या इस्पितळात शेजारच्या वहिनी घेऊन गेल्या, त्यांनीच घरी आणलं. केतकीला कळवलं नाही. उगाच रजा टाकून येईल, आणि आली तर दोन दिवसांनी परत जाईल, तो दुसरा भाग मला नको होता. पट्टी निघाल्यावर घरातली धूळ पाहून मी हादरले. इतकी वर्षं मी स्वतःला स्वच्छ बाई समजत होते.

घड्याळात बॅटरी घातल्यावर, नोव्हेंबरातल्या एका सकाळी, मी ते खिशात टाकून मैदानावर गेले. जाण्याचं कारण मलाही नीट सांगता येत नाही. दुबे सर केव्हाच गावी परतलेत. दुसरे कुणी प्रशिक्षक होते, मुलीही दुसऱ्या. पायऱ्या त्याच. मी शेवटच्या रेषेच्या बाजूला माझ्या जुन्या जागी बसले. पलीकडे एक बाई हात वर करून उभी होती, आणि मला तिच्या हातातल्या दोन्ही फळ्या वेगवेगळ्या दिसत होत्या. त्या मिटल्या. मुली उठल्या, त्यांनी पाऊल टाकलं, आणि मग आवाज आला.

मधे जागा होती. मी ती पाहिली. फळ्या मिटल्यावर आणि आवाज येण्याआधी मुली निघालेल्या होत्या. माझा अंगठा खिशातल्या बटणावर गार पडला. पुढच्या धावेला मी घड्याळ बाहेर काढलं: फळ्या दिसल्या तेव्हा दाबलं, आवाज आला तेव्हा दाबलं. अंगठा अडखळला, धड आकडा येईना. आठ-दहा वेळा केलं तेव्हा तो तीन दशांशांच्या आसपास रेंगाळू लागला. घरी येऊन शेजारच्या वहिनींच्या इंजिनिअर नवऱ्याला विचारलं. शंभर मीटरला आवाज किती घेतो? त्यांनी कागदावर भागाकार करून दाखवला. तेवढाच.

मग मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून हिशोब केला, आणि असा हिशोब कुणाच्या वाट्याला येऊ नये. यंत्राची वेळ अपेक्षेपेक्षा पाव सेकंदाने जास्त आली होती. माझ्या कानाने तिला दर शनिवारी तीन दशांश फुकट दिले होते. म्हणजे निवडीच्या दिवशी ती मागे पडलीच नव्हती. तिच्या सर्वांत चांगल्या शनिवारपेक्षाही ती पाच शतांशांनी पुढे होती. माझ्या अंगठ्याचा तेवढ्या बारकाव्याइतका भरवसा धरू नये, हे मान्य. पण ती कचरली नव्हती, हे नक्की. जी कच तिने खाल्ली असं ती सात वर्षं समजत होती, ती मी वाढलेली होती. मी बराच वेळ रडले. कुकरची शिटी होऊन गेली, डाळ करपली.

त्याच आठवड्यात तिचा फोन आला. कंपनीत वरची जागा निघालीय, पाच जणांच्या समितीसमोर मुलाखत आहे, सगळे मला नाव दे म्हणतायत, पण मी नाही देणार, तुला माहितीये ना माझं. दुसरंच काहीतरी सांगता सांगता तिने हे सांगितलं. मला सांगायचंच होतं. तरी मी आधी भाजी काय केलीस ते विचारलं. मग सगळं सांगितलं, क्रमाने, आवकच्या रजिस्टरसारखं: डोळे, धुकं, कान, तीन दशांश. ऑपरेशनचंही सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "केतकी, त्या दिवशी तू तुझ्या आयुष्यातली सर्वांत जोरात धावली होतीस. कच तू नाही खाल्लीस. चूक माझ्या हातात होती."

तिने विचारलं, "दिसत नव्हतं तर सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या शेजारी बसायला मिळालं नसतं म्हणून."

ती नुसतं म्हणाली, "सात साल, आई." आणि फोन ठेवला.

चार दिवस फोन आला नाही. मी केला नाही. सगळा जोर लावून धावून आलेल्या माणसाशी लगेच बोलायचं नसतं, त्याचा श्वास त्याला परत मिळू द्यायचा असतो, एवढं दुबे सरांनी मला शिकवलं होतं. पण सर मिनिटं सांगत. इथे किती ते कुणी सांगितलं नव्हतं. मी मटार आणले, सोलले, एकटीला किती लागतात, उरलेले शेजारी दिले. रोज संध्याकाळी वाटे की आता तिने मला माफ केलं नाही तरी चालेल, फक्त नाव द्यावं. आणि रात्री वाटे की नाही, माफही करावं.

पाचव्या दिवशी मेसेज आला. मंगळवार, सकाळी अकरा. बाकी एक शब्द नाही. आई नाही, काही नाही.

आज मंगळवार. मी साडेदहालाच मैदानावर येऊन बसले आहे. ऊन पायऱ्यांवर आलंय, सराव संपवून मुली पांगल्या आहेत, माळी ट्रॅकच्या कडेला पाणी मारतोय. मांडीवर मटारची पिशवी आहे आणि गळ्यात काळी दोरी. अकराला दोन मिनिटं असताना घड्याळ हातात घेतलं, आकडे शून्यावर आणले, पिवळ्या बटणावर अंगठा ठेवला. आता तिचं नाव पुकारलं असेल. आता ती उठली असेल, दार ढकललं असेल, त्या पाच जणांकडे पाहत असेल. तोंड सैल ठेव गं, असं मी इथे बसून म्हणाले.

अकरा वाजले. मी बटण दाबलं नाही. मला इथून ती दिसत नव्हती.